आप्पांची पायरी

भोंगा लावलेली गाडी गल्लीतून पुन्हा एकदा ओरडत गेली, पण घरात सगळे एकाच वेळी बोलत असल्यामुळे ती काय सांगून गेली ते कुणाच्याच कानात शिरलं नाही. या घराण्याची ही खोड जुनी. बाहेर काही का होईना, आधी आपलं भांडण तडीस न्यायचं.

भांडण धाकटीवरून होतं आणि धाकटी अजून यायची होती. त्यामुळे थोरल्याला मोकळं रान मिळालं होतं.

"इमारत उभी आहे. रंग वाळलाय. नळाला पाणी आलंय. अडलंय फक्त हिच्या सहीवाचून! परक्या माणसाने अडवलं असतं तर त्याच्या दारात जाऊन बसलो असतो. हिच्या दारात जाऊन बसलो तर ही चहा देते, बिस्किटं देते, आणि सही तेवढी देत नाही."

"चहा तरी देते," आत्या म्हणाली. "तुझ्याकडे आलं की तू घड्याळ बघतोस."

"आत्या, मी गंमत करत नाहीये."

"मी तरी कुठे करतेय?"

वहिनी खिडकीपाशी उभी होती. ती भांडणात नव्हती. पदराआड किल्ल्यांचा जुडगा घट्ट धरून ती नदीच्या दिशेने बघत होती, आणि दर थोड्या वेळाने "पाऊस काही थांबत नाही बाई" असं स्वतःशीच पुटपुटत होती.

आप्पा दाराजवळच्या खुर्चीत होते. बोलावणं त्यांनीच धाडलं होतं, कारण पोरांचं भांडण ऑफिसातून वस्तीत आणि वस्तीतून त्यांच्या कानावर आलं होतं. "ती येऊ दे," एवढंच ते म्हणाले, आणि काठी गुडघ्यांमध्ये धरून बसले.

आप्पा गवंडी होते, मग ठेकेदार झाले. नदीकाठच्या या वस्तीतली निम्मी घरं त्यांच्या हातची, आणि त्या प्रत्येक घराची उंची ठरली ती एकाच जागेवरून: आप्पांच्या स्वतःच्या दारातल्या दगडी पायरीवरून. ते तरुण असताना मोठा पूर आला होता. पाणी चढत चढत पायरीच्या खाली वीतभर येऊन थांबलं आणि तिथूनच माघारी गेलं. आप्पांनी छिन्नी-हातोडा घेऊन गल्लीच्या टोकाला, पंपघराच्या भिंतीवर पाण्याची रेघ खोदून ठेवली. घरी येऊन सांगितलं, आपली पायरी पुराच्या वीतभर वर आहे, यापुढे जे बांधायचं ते हिच्यावरून धरायचं. तेव्हापासून नवा पाया भरला की लांब पारदर्शक नळीत पाणी भरायचं, दोन्ही टोकांना ते एकाच उंचीला थांबतं, आणि त्यावरून पायरीची उंची गल्ल्या ओलांडत तिथवर न्यायची. घर घेणारा विचारायचा, "आप्पांच्या पायरीवरनं धरलंय ना?" हो म्हटलं की पुढचा प्रश्न नसे.

धाकटी आली ती भिजूनच. बांधकाम परवानगीच्या ऑफिसात ती इंजिनीअर होती, आणि आज सकाळपासून तिथला फोन खाली ठेवायला कुणाला फुरसत नव्हती. गेटाशी आल्यावर तिने सवयीने पाय खाली टाकला. रस्त्यावरून अंगणात चांगलंच उतरावं लागायचं. लहानपणी याच गेटातून बाहेर पडताना ती खाली रस्त्यावर उडी मारायची, आणि उडीचा आवाज झाला की आई आतून ओरडायची. डांबरावर डांबर थापून रस्ता वाढवून ठेवलाय मेल्यांनी, असं घरात सगळे म्हणत. तीही तेच म्हणत आली होती. परवापरवापर्यंत.

"या, साहेबीणबाई," आत्या म्हणाली आणि उठून टॉवेल घेऊन आली. "आधी डोकं पूस. मग भावाचा मार खा."

"गाडी काय सांगत गेली, ऐकलंत का?" धाकटीने दारातूनच विचारलं. "वरच्या धरणातून सोडलंय. अंधार पडायच्या सुमारास पाणी इथे पोचेल. मोठ्या पुराच्या रेघेइतकं तर नक्कीच, कदाचित जास्तही."

सगळ्यांनी आप्पांकडे पाहिलं. धाकटीला ती नजर ओळखीची होती. या घरात काही झालं की सगळे आधी आप्पांकडे बघतात, आणि आप्पा घाबरलेले नसले की कुणीच घाबरत नाही. आजवर याचं तिला कौतुक वाटायचं. आज भीती वाटली.

"रेघेइतकं येईना का," आप्पा म्हणाले. "आपल्या पायरीखाली वीतभर थांबेल. बस. बाळ, मला सरळ सांग. दादाने नियम मोडलाय का?"

"नाही आप्पा."

"बघा!" थोरला म्हणाला.

"नियम काय आहे?" आप्पांनी विचारलं.

"पुराच्या रेघेपासून खालच्या मजल्याची जमीन हातभर वर हवी."

"आणि याने किती धरलंय?"

"पायरीवर वीत!" थोरला पुढे झाला. "पायरी रेघेच्या वर वीतभर, तिच्यावर माझी वीत. दोन विती म्हणजे एक हात. शाळेतलं गणित आहे, छोटे. तुला मीच शिकवलंय."

"गणित बरोबर आहे, दादा." धाकटीने टॉवेल खांद्यावरून काढून हातात गुंडाळला. "पायरी बरोबर नाही."

कुणालाच काही कळलं नाही. आत्याने पायरीकडे असं बघितलं, जणू तिच्यावर कुणी नको ते आणून ठेवलंय.

"पुलाच्या खांबावर उंचीची सरकारी पितळी खूण आहे, तिच्यावरून मी मशिनने मोजलं. पायरी जुळेना. मला वाटलं मशीन बिघडलंय. दुसऱ्या ऑफिसातून दुसरं आणलं. तेच आलं. आप्पा, आपलं घर बसलंय. अंगणासकट. इथे पूर्वी तळं होतं ना, भराव टाकून बुजवलेलं? तो भराव दबत गेलाय इतकी वर्षं. हळूहळू, सगळा एकसारखा. म्हणून भिंतीला तडा नाही, काही नाही. रस्ता वर आलेला नाही. आपण खाली गेलोय."

तिला वाटलं होतं आप्पा चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं. ते नुसतेच हसले. कुणाच्या लहान पोराने काहीबाही विचारल्यावर हसावं तसे.

"मशीन होय," ते म्हणाले.

"हे तुला कधी कळलं?" थोरल्याने विचारलं. "आणि तू बोलली नाहीस?"

"कसं बोलू? तू बोलला असतास? आप्पांना?"



वहिनीच्या हातातल्या किल्ल्या तेवढ्या वाजल्या.

वहिनी नर्स होती. अंथरुणाला खिळलेली माणसं सांभाळायची, ज्यांचं करणं घरच्यांकडून होत नाही अशी. त्यांना जिने चढता येत नाहीत म्हणून तिला तळमजलाच हवा होता, आणि नवऱ्याने बांधलेली ती इमारत मुळात तिच्यासाठीच होती. जुन्या जागेचं छप्पर या पावसात ठिकठिकाणी गळायला लागलं. पलंग सरकवून सरकवून ती थकली. सकाळी तिने नवऱ्याकडे किल्ल्या मागितल्या. तो म्हणाला, सही आज ना उद्या होईलच, तोवर गुपचूप ने, पक्कं काम आहे, पायरीवरनं धरलंय. आणि तिने नेलं. दुपारपर्यंत सगळी माणसं नव्या पांढऱ्या भिंतींत झोपवून, एका मदतनीस बाईला बसवून ती इथे आली होती. नणंदेला कळू द्यायचं नाही असं नवरा-बायकोचं ठरलं होतं.

आता तिने नवऱ्याकडे पाहिलं तर तो नजर चुकवत होता. लग्न झाल्यापासून या घरातल्या प्रत्येक भांडणात ती त्याच्या बाजूने उभी राहिली होती, पटो न पटो.

"ताई," ती नवऱ्याला ओलांडून थेट धाकटीला म्हणाली, "खरं असेल तर पाणी आत किती येईल?"

"का?"

"माझी माणसं तिथे आहेत. सकाळीच हलवलीत."

"वहिनी!"

"मला रागव नंतर. किती येईल ते सांग."

"रेघेवरच थांबलं तरी जमिनीवर वीतभर. आणि ते रेघेवर थांबेल असं कुणी सांगत नाहीये."

"अगं, काहीतरी बोलू नकोस!" थोरला ओरडला. "आप्पा, तुम्ही सांगा हिला. त्या आजारी माणसांना आता पावसात कुठे नाचवायचं? वरचा जिना वळणाचा आहे, स्ट्रेचर फिरत नाही. कुणी हातातून निसटलं तर? आप्पा, सांगा ना!"

आप्पा काठी टेकून उठले. "नळी आण," ते म्हणाले. "मशीनबिशीन राहू दे. रेघ मी खोदलीय, पायरी मी बसवलीय. पंपघर कातळावर आहे, ते काही हलायचं नाही. रेघेवरनं पायरीवर पाणी धरा. नळीत पाणी पायरीच्या खाली दिसलं, की तू सही करायची, पोरी. आणि पुन्हा या घरात मशीनचं नाव काढायचं नाही."

"आणि वर दिसलं तर?" आत्याने विचारलं.

आप्पा आधीच पायरीकडे निघाले होते.

शेडमधून नळीचं वेटोळं काढताना थोरल्याला कळत होतं की आपले हात घाईत चुकताहेत. बहिणीचं म्हणणं खोटं ठरावं अशी त्याची इच्छा होती. मनापासून. बायकोला किल्ल्या त्याने दिल्या होत्या.

रेघेजवळ तो स्वतः उभा राहिला. पंपघराच्या पायाला लागून नदी वाहत होती. एरवी ती खाली, झुडपांच्या पलीकडे असायची. आता झुडपांचे नुसते शेंडे दिसत होते आणि पाण्याचा रंग चहासारखा झाला होता. नळीचं टोक त्याने रेघेला लावलं. धाकटी दुसरं टोक घेऊन विजेच्या खांबापर्यंत गेली. नळी तेवढीच पुरत होती. खांबावर खडूची खूण, मग खांबावरून गेटापर्यंत, गेटाच्या खांबावर पुन्हा खूण, मग पायरी. लहान असताना दोघं हेच काम करायची, आप्पा मधे उभे राहून ओरडायचे, "बुडबुडा बघ, बुडबुडा!" नळीत हवेचा एक बुडबुडा राहिला की सगळं माप खोटं पडतं.

शेवटच्या टप्प्याला पायरीपाशी आप्पा स्वतः टोक धरून उभे होते. थोरल्याने गेटाच्या खुणेला पाणी जुळवलं.

"थांबलं?" त्याने हाक मारली.



"आप्पा, थांबलं का पाणी?"

"बुडबुडा आहे," आप्पा म्हणाले. "पुन्हा करा."

पुन्हा केलं. पंपघरापासून. या वेळी थोरल्याने नळी बोटभर बोटभर दाबत, ठोकत, डोळ्यांजवळ धरून तपासली. बुडबुडा नव्हता. पहिल्यांदाही नव्हता, हे त्याला ठाऊक होतं. पंपघराशी परत गेला तेव्हा त्याच्या चपला पाण्यात होत्या. मघाशी तिथे जमीन होती.

गेटातून आत आला तेव्हा आप्पा पायरीवर उभे होते, नळी पायाला टेकवून. नळीतलं पाणी त्यांच्या गुडघ्याशी उभं होतं. पायरीखाली नव्हे. वर, गुडघ्याशी.

आत्याने तोंडाला पदर लावला. "अरे देवा," ती म्हणाली. "आपण बुडालेलोच आहोत की रे. पाणी यायचं तेवढं राहिलंय."

धाकटी रडत होती. आपलं खरं ठरलं म्हणून माणूस असं रडतं का, असं थोरल्याला वाटलं, आणि मग त्याला तिचा रागच येईना.

वहिनी कुणासाठी थांबली नाही. ती गेटातून बाहेर पडलीसुद्धा होती. "चादरी आणा!" ती रस्त्यावरून ओरडली. "स्ट्रेचर वळत नाही ना, मग चादरीत घालून नेऊ! आणि तुमच्या कामावरच्या माणसांना फोन करा, अहो! उभे काय राहिलात!"

"केला, केला!" म्हणत थोरला फोन काढत तिच्यामागे पळाला. धाकटीने कपाटातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या चादरी कवेत घेतल्या आणि तीही गेली. घरात म्हातारी भावंडं उरली.

"चल, तूही वर चल," आत्या म्हणाली. "सगळं उचलून माडीवर नेऊ. मला एकटीला होणार नाही."

आप्पा पायरीवर बसले होते. नळीतलं पाणी त्यांनी सोडून दिलं होतं आणि ते अंगणातून कुठे वाहत जातं ते बघत होते.

"आक्का, आपण गेटापाशी अंगण खणून खाली घेतलं नव्हतं कधी?"

"नाही."

"माती काढली होती?"

"नाही रे. तू म्हणायचास रस्ता वाढलाय."

"आणि तू?"

"तू म्हणायचास म्हणून मीही म्हणायचे. सगळेच म्हणायचे. तुला कोण सांगणार होतं?"

आप्पांनी हाताने पायरी चाचपली. दगड तोच होता, मधोमध झिजून गुळगुळीत झालेला. तो कुठेही गेला नव्हता असंच हाताला वाटत होतं. इतक्या वर्षांत लोकांनी जागा दाखवाव्यात, त्यांनी म्हणावं, बांधा बिनघोर, माझ्या पायरीवरनं धरतो. सुरुवातीची घरं ठीक असतील. पण त्यानंतरची? पायरी खाली खाली जात होती आणि तिच्याबरोबर प्रत्येक नवं घर आधीच्यापेक्षा खाली. कोणतं घर किती, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मान वर करून ते आत्याला म्हणाले, "फोन दे."

आत्याने दिला.

थोरला चिखलाने माखून परत आला तेव्हा आप्पा बोलत होते. त्याने हाताने खूण केली: सगळी वर नेली, सुखरूप. एका आजोबांनी जिन्यात त्याला शिव्या घातल्या, एवढंच. आप्पांनी मान हलवली, फोन ठेवला, पुढचा लावायला घेतला.

"कुणाला फोन करताय?"

"ज्यांची ज्यांची घरं बांधली त्यांना. वर जा म्हणून सांगतोय. पायरी खचलीय म्हणून सांगतोय."

थोरला जवळ बसला. "आप्पा, पायरीचं कशाला? नुसतं सांगा की पाऊस जास्त आहे, वर जा. उद्या लोक दारात येतील. इतक्या वर्षांचं नाव आहे तुमचं. आपलं."

"नुसत्या पावसाने कुणी उठत नाहीये रे. भोंगा दुपारपासून ओरडतोय. उठलं कुणी? तू उठलास?"

थोरला चिखलाचे हात पुसत राहिला.

"सगळे खालीच बसलेत. पायरीवरनं धरलंय म्हणून बसलेत." त्यांनी फोन कानाला लावला. "हॅलो, मास्तर? आप्पा बोलतोय."

पलीकडचे निवृत्त मास्तर मोठ्याने बोलत. त्यांचा आवाज थोरल्यालाही ऐकू येत होता. "बोला आप्पा! अहो, ते गाडीवाले उगाच घाबरवतात. मी मंडळींना म्हटलं, आपलं घर कुणाच्या पायरीवरनं धरलंय? निवांत चहा घ्या."

"मास्तर, पायरी खचलीय."

"काय म्हणालात?"

"माझी पायरी खचलीय. फार वर्षं खचतेय. मला कळलं नाही. तुमचं घर खाली आहे. चहा राहू द्या. मंडळींना घेऊन वर जा. आत्ता."

मास्तरांनी कपबशी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "बरं," आणि फोन बंद झाला.

आत्याने फोन आप्पांच्या हातून काढून घेतला, पुढचा नंबर लावला आणि परत हातात दिला. "बोल," ती म्हणाली.

दिवेलागण झाली. गल्लीच्या टोकाचं पंपघर आता कमरेपर्यंत पाण्यात होतं. दारात उभं राहिलं की वस्ती दिसायची, आणि आप्पा फोन करता करता तेच बघत होते. मास्तरांच्या घरात खालचा दिवा गेला, थोड्या वेळाने माडीवरचा लागला. मग शेजारचा. मग त्यापलीकडचा. धाकटी परत आली, तीही काही न बोलता बापाच्या पाठीशी उभी राहून दिवे बघू लागली. वहिनी वरच्या मजल्यावरच थांबली होती, तिच्या माणसांजवळ.

"शिंपीणबाईचा फोन लागत नाही," आप्पा एकदम म्हणाले. "बघ, खालचाच दिवा आहे. तिला माडीच नाही. मीच म्हटलं होतं, एकट्या बाईला माडी कशाला, पायरीवरनं धरतो."

"दादा जाईल," धाकटी म्हणाली. "वहिनीकडे वर नेऊन सोडेल."

"दादाला ती हाकलून देईल. म्हणेल, आप्पांनी सांगितलंय मला, घर पक्कं आहे." ते उठले. "मलाच जायला हवं."

"अरे, या पावसात! या गुडघ्यांनी!" आत्या ओरडली. "याला कुणीतरी धरा रे!"

थोरल्याने छत्री घेतली, धाकटीने दंड धरला. त्यांना अडवायचं पोरांना सुचलं नाही. गेटाशी आल्यावर आप्पांचा पाय रस्त्याच्या कडेला ठेचकाळला. रोज ठेचकाळायचा, आणि रोज ते रस्ता वाढवणाऱ्यांच्या नावाने बोटं मोडायचे.

पोरं वाट बघत राहिली. आप्पा काही बोलले नाहीत. त्यांनी धाकटीच्या खांद्यावर भार टाकला, पाय उचलला, आणि आपल्या अंगणातून वर रस्त्यावर चढले.